‘नवऱ्याला घेऊन या’ म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
सरकारी आणि खासगी दवाखान्यांतले डॉक्टर, सिस्टर, केस पेपर काढणारे कर्मचारी आणि औषध दुकानदार

सप्रेम नमस्कार.

मी कृष्णाकाठच्या एका गावात राहते. १९८९ पासून २०२० पर्यंत, एकतीस वर्षं, आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. निवृत्त झाले तरी गाव अजून ‘नर्सबाई’च म्हणतं. तुमच्यातल्या कितीतरी जणांबरोबर मी पल्स पोलिओचे बूथ सांभाळलेत, शिबिरांत रात्री जागवल्यात. त्यामुळे हे तुम्हाला एकेकट्याला फोन करूनही सांगता आलं असतं. पण गेल्या महिन्यात जे घडलं ते गर्भपातासाठी गेलेल्या एका बाईच्या वाट्याला भर रांगेत, सगळ्यांच्या कानांदेखत आलं. म्हणून मीही सगळ्यांसमोरच लिहिते आहे.

रात्री दोनच्या सुमाराला दार वाजलं. शेजारच्या घरातली सासू होती. “बाई, लवकर चला, सून न्हाणीत पडलीय.” जाऊन बघते तर पोरगी भिंतीला टेकून बसलेली, दोन टॉवेल भिजलेले, फरशीवरून रक्त मोरीपर्यंत गेलेलं. नाडी हाताला धड लागत नव्हती. पाय उशीवर घेतले, १०८ ला फोन लावला. आतल्या खोलीत नऊ महिन्यांचं पोर भुकेनं रडत होतं. गाडीत बसल्यावर सासूचं लक्ष नाही असं बघून ती माझ्या कानाशी म्हणाली, “बाई, गोळ्या खाल्ल्या मी. कुणाला सांगू नका.”

दोन पिशव्या रक्त चढलं. वाचली. बाकीचं तिनं मला चार दिवसांनी सांगितलं आणि तिच्या परवानगीनं मी ते इथं लिहिते आहे, नाव-गाव सोडून.

वय सव्वीस. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. बाळ अंगावर पितंय तोवर दिवस जात नाहीत, असं तिला सगळ्यांनीच सांगितलेलं. पाळी सुरूही झाली नव्हती, मध्येच मळमळायला लागलं, कार्डावर दोन रेघा आल्या. नवरा ट्रकवर, तेव्हा गुजरातेत. दोघांनी फोनवर ठरवलं की आत्ता तिसरं नको. मग ती बाळाला काखेत घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेली. केस पेपरच्या खिडकीत विचारलं, काय होतंय? ती हळूच म्हणाली, दिवस गेलेत, ठेवायचं नाही. खिडकीतला माणूस मोठ्यानं म्हणाला, “गर्भपात करायचाय का?” मागची सगळी रांग वळून बघायला लागली. रांगेत तिच्या माहेरच्या गावातली एक बाई होती.

आत गेल्यावर पहिला प्रश्न आला, नवरा कुठाय? त्याची सही लागते, दोघांची आधार कार्डं लागतात. नवरा नसेल तर सासूला आण. मग, आधीची दोन काय आहेत? मग एक सिस्टर म्हणाल्या, “लोकांना होत नाहीत म्हणून नवस करतात, आणि तुला देव देतोय तर नको झालंय.” तपासलं कुणीच नाही. किती आठवडे झाले, हेसुद्धा कुणी विचारलं नाही. ती परत निघाली.

चार मेडिकलमध्ये “आम्ही ठेवत नाही” असं उत्तर मिळालं. पाचव्यानं इकडंतिकडं बघून खोका नसलेली पट्टी कागदात गुंडाळून दिली. छापील किमतीच्या तिप्पट पैसे घेतले, बिल दिलं नाही. कशा घ्यायच्या विचारल्यावर म्हणाला, रात्री सगळ्या घेऊन टाक. तिनं तसंच केलं.

सही, आधार आणि नवसाची गोष्ट ऐकवणाऱ्या त्या टेबलाशी तिला जेमतेम दहा मिनिटं मिळाली असतील. तेवढ्या वेळात एखाद्या शिकलेल्या माणसानं तपासून, समजावून, पुन्हा तपासायची तारीख देऊन तिला घरी पाठवलं असतं, तर त्या रात्री मला न्हाणीघर धुवावं लागलं नसतं.

यात माझं काय गुंतलंय, तेही सांगते. हे मी आजवर घरात धड बोलले नव्हते.

१९९४ साली मी बत्तीस वर्षांची होते. दोन मुलं होती. गावातल्या बायकांना तांबी (कॉपर-टी) बसवून घ्या म्हणून दारोदार सांगणारी मी, माझीच तांबी पडली आणि मला कळलं नाही. मिस्टर तेव्हा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला. ज्या केंद्रात मी काम करत होते तिथं जायचा विचारसुद्धा मनात आला नाही, कारण संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. वहिनीला घेऊन एसटीनं मिरजेला गेले. एका वयस्कर डॉक्टरीणबाईंचा छोटा दवाखाना होता. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. शेवटची पाळी कधी आली, सकाळपासून काही खाल्लंय का, आणि घरी कुणाला निरोप द्यायचाय का. का करतेस, हे विचारलं नाही. सगळं झाल्यावर स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. मी तोवर रडले नव्हते, तो चहा हातात घेतल्यावर रडले.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं, पिशवीला सूज होती, पिशवी धुतली. मिस्टरांना खरं माहीत होतं, पण त्यांनी पुन्हा विषय काढला नाही आणि मीही नाही. माझ्या मुलीला हे याच महिन्यात कळलं, तीही आता चाळिशीला आलीय. आपल्याकडच्या बायकांची ही सगळी भाषा बघा. पिशवी धुतली, पिशवी साफ केली, क्युरेटिंग केलं, मोकळी झाले. आपण सगळ्याजणी त्या पिशवीच्या आड उभ्या असतो. जिला हे शब्दही सुचत नाहीत तिच्यासाठी ‘पोट पाडलं’ हा शब्द ठेवलेला आहे, आणि तो कायम दुसऱ्याच्या तोंडून येतो, शिवी दिल्यासारखा.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार सहीची. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, मानसिक आजार नसलेल्या बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते. वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या तिसऱ्या कलमात हे १९७१ पासून लिहिलेलं आहे. नवऱ्याची, सासूची, बापाची सही कुठंही मागितलेली नाही. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात हे पुन्हा स्पष्ट केलं. घरच्यांची संमती, कागदोपत्री पुरावे, कोर्टाची परवानगी अशा कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टर लावतात, हे खेदजनक आहे असं न्यायालयानं म्हटलं. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. नवऱ्यानं केलेल्या जबरदस्तीतून दिवस गेले असतील, तर गर्भपात कायद्यापुरती ती जबरदस्ती बलात्कारच धरली जाईल. अशी बाई तुमच्या टेबलापुढं येते तेव्हा तुम्ही तिला त्याच माणसाची सही आणायला पाठवता. ती ते तोंडानं सांगणार नाही. तुम्ही विचारलंत तरी सांगणार नाही, कारण मागं रांग उभी आहे.

दुसरी तक्रार त्या रांगेचीच. या कायद्यात गुप्ततेचं वेगळं कलम आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भपात केलेल्या बाईचं नाव किंवा माहिती कायद्यानं अधिकार नसलेल्या माणसाला सांगितली, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गर्भपाताचं रजिस्टर हा गुप्त दस्तऐवज आहे आणि बाकीच्या कागदांवर नावाऐवजी अनुक्रमांक घालायचा असतो. हे मी प्रशिक्षणात शिकले, तुम्हीही शिकलात. पण ते रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं आणि त्यावर चहाचा कप ठेवलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. वॉर्डात राउंडला “ही एमटीपीची”, म्हणजे गर्भपाताची, असं बोट दाखवून सांगितलेलंही ऐकलंय. त्या बोटानं शेजारच्या चार खाटांवरच्या बायका आणि त्यांच्याजवळ बसलेले नातेवाईक यांना सगळं कळतं.

तिसरी तक्रार एका शब्दाची, आणि ही मला सगळ्यात जास्त सलते.

आपल्या राज्यानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध मोठी लढाई लढली. १९८८ साली असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ ला आला. गरज होतीच. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागं २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, २०११ ला त्या ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. २०१२ ला परळीत बेकायदा गर्भपात करणाऱ्या डॉक्टरचं प्रकरण झालं, २०१७ ला आमच्याच भागातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी एकोणीस भ्रूण सापडले. म्हैसाळनंतर मी कित्येक रात्री नीट झोपले नाही. त्यामुळे मुली मारणाऱ्यांची बाजू मी घेतेय असं कुणी म्हणू नये.

पण त्या मोहिमेत आपण भिंतीभिंतीवर काय रंगवलं? ‘भ्रूणहत्या महापाप’. मी स्वतः उभी राहून रंगवून घेतलंय, आमच्या उपकेंद्राच्या कंपाउंडवर, लाल अक्षरांत. मूळ घोषणेत ‘स्त्री’ हा शब्द पुढं होता. पावसाळ्यात रंग उडाला, तो शब्द गेला आणि उरलेला तसाच राहिला. लोकांच्या डोक्यातही तेच झालं. गुन्हा होता लिंग बघून मुलगी नाकारण्याचा. लोकांच्या मनात गर्भपात हाच गुन्हा म्हणून बसला, आणि सोबत हत्या हा शब्द कायमचा चिकटला. आज सात आठवड्यांची गरोदर बाई दवाखान्यात येते ती स्वतःला अर्धी खुनी समजूनच येते. तुमच्या प्रत्येक दवाखान्यात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे’ असा बोर्ड आहे, तो असायलाच हवा. पण त्याच भिंतीवर ‘कायद्यात बसणारा गर्भपात येथे सुरक्षितपणे केला जातो, माहिती गुप्त ठेवली जाते’ असा बोर्ड मी एकतीस वर्षांत एकाही भिंतीवर पाहिला नाही. कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू आहे. दोन पिढ्या होऊन गेल्या, तरी बोर्डाला मुहूर्त नाही.

“आधीची दोन काय आहेत?” हा प्रश्नही याच गोंधळातून येतो. दोन मुली असतील तर बाई संशयित ठरते. त्या बाईनं सोनोग्राफी केलीय का, कुठं केलीय, याचा तपास करायला वेगळी यंत्रणा आहे. सात आठवड्यांच्या गरोदर बाईला तो प्रश्न विचारून कुठलीही मुलगी वाचत नाही.

चौथी तक्रार औषध दुकानदार भावांसाठी. नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी गर्भपात करता येतो. नऊ आठवड्यांना सोनोग्राफीत मुलगा-मुलगी दिसत नाही, म्हणजे या गोळ्यांचा आणि लिंगनिदानाचा संबंध फार थोडा. तरीही गेल्या दहा-बारा वर्षांत छापे आणि चौकश्यांच्या भीतीनं दुकानांनी ही गोळी ठेवणंच सोडलं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेलेली बाईसुद्धा रिकाम्या हातानं परत येते. मागणी मात्र कुठं जात नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे २०१५ या एका वर्षात भारतात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, आणि त्यातले सुमारे १ कोटी १५ लाख दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. तुम्ही समोरच्या फळीवरून गोळी काढलीत तेव्हा ती स्टँडमागच्या दुकानात गेली, बिलाशिवाय आणि सूचनेशिवाय.

पाचवी तक्रार लग्न न झालेल्या मुलींबद्दल. हिच्यात मी स्वतः आरोपी आहे.

२००१ च्या आसपासची गोष्ट. एकोणीस वर्षांची मुलगी उपकेंद्रात आली, दुपारी, बाकी कुणी नाही असं बघून. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती. बराच वेळ काही बोलेना. मग बोलली. मी तिला काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. “आईबापाचं नाव घालवलंस. तेव्हा कळलं नाही का?” स्वतः मिरजेला जाऊन आलेली, त्या डॉक्टरीणबाईंचा चहा प्यालेली मी, सात वर्षांत हे बोलायला शिकले होते. ती उठून गेली. पुढच्या आठवड्यात समजलं की कुणा बाईकडून काडी घालून घेतली होती, पू झाला, सिव्हिलला पिशवी काढावी लागली. ती आज आहे. तिचं लग्नही झालं, मूल झालं नाही, नवऱ्यानं सोडलं. बाजारात दिसते कधी. मला ओळख देते, आणि मला तिच्याकडं बघवत नाही.

तेव्हा कायद्यात ‘विवाहित स्त्री आणि तिचा पती’ असे शब्द होते. गर्भनिरोधक फसलं हे कारण फक्त लग्न झालेलीला सांगता यायचं. २०२१ ला ते बदलून ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असं केलं. २०२२ च्या निकालानं वीस ते चोवीस आठवड्यांच्या मुदतीतही अविवाहित मुलीला वेगळं काढता येणार नाही, असं सांगितलं. म्हणजे माझ्या तोंडातून तेव्हा निघालं तसं वाक्य बोलायला आज कुणाहीकडं कायद्याचा आडोसा उरलेला नाही. अठराच्या आतली मुलगी आली तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागतं, हे खरं. पण आपसंमतीचं प्रकरण असेल आणि मुलीनं व तिच्या पालकांनी विनंती केली, तर तिची ओळख त्या कळवण्यात द्यायची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. किती दवाखान्यांत हे माहीत आहे? ‘पोलीस केस होईल’ एवढं ऐकून आई मुलीचा हात धरून पायऱ्या उतरते, आणि मग कुठं जाते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

सहावी तक्रार थोडक्यात. ‘तांबी बसवून घेणार असशील तर करतो’, ‘ऑपरेशनला नाव दे, मग बघू’ हे बंद करा. गर्भनिरोधक सुचवणं आपलं काम आहे. अट घालणं उद्दिष्टाच्या तक्त्यासाठी असतं. तो तक्ता मीही भरलाय.

तुमची भीती मला कळत नाही असं नाही. १८६० च्या दंड संहितेत गर्भपात घडवून आणणं ३१२ कलमाखाली गुन्हा होता, ते कलम आता न्याय संहितेत ८८ क्रमांकानं आलंय. १९७१ च्या कायद्यानं त्या गुन्ह्याला अपवाद दिला, आणि तोही डॉक्टरांना दिला. बाईला स्वतःच्या पोटाबद्दल मागायचा हक्क म्हणून त्यात सरळ कुठं लिहिलेलं नाही. त्यामुळे डॉक्टर सदैव कागद पुरे आहेत का बघत राहतात. परळीनंतर तपासण्या सुरू झाल्या. प्रामाणिक डॉक्टरांचीही फाइल-फाइल तपासली गेली. एका खाडाखोडीवरून सोनोग्राफी मशीनला सील लागल्याचं ऐकून माझ्या ओळखीतल्या एका चांगल्या डॉक्टरांनी एमटीपी करणंच सोडलं. मी त्यांना दोष देत नाही. पण नवऱ्याची सही तुम्हाला कुठल्याच कलमाखाली वाचवत नाही. वाचवतो तो नीट भरलेला संमतीचा अर्ज आणि नीट ठेवलेलं रजिस्टर. सही तुम्ही मागता ती उद्या सासरचे दारात येऊन भांडतील या धास्तीनं. तसं असेल तर त्या भांडणात बाईच्या बाजूला उभं राहायचं बळ दवाखान्यानं तुम्हाला द्यायला हवं. तेही मी मागतेच आहे.

याच मातीत १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसवल्या गेलेल्या विधवेनं यावं, गुप्तपणे बाळंत व्हावं, मूल न्यावं की ठेवावं हे तिच्या खुशीवर. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी त्या दोघांना दोन गोष्टी पुरेपूर समजल्या होत्या, गुप्तता आणि तिची खुशी. १८८१ ला सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकाच्या हत्येसाठी फाशी सुनावली गेली, पुढं ती जन्मठेपेवर आली. वर्तमानपत्रं बायकांच्या नीतीवर लिहीत सुटली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ ला रोखठोक विचारलं की यात पुरुषाचं काय? र. धों. कर्व्यांनी १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या कामापायी प्राध्यापकी सोडायची वेळ त्यांच्यावर आली. ज्या समितीच्या अहवालातून १९७१ चा कायदा आला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री होते. आणि आमच्यापासून दोन-तीन तासांवरच्या बेळगावची सविता हलप्पनवार. आयर्लंडमध्ये गॉलवेच्या रुग्णालयात गर्भ वाचणार नाही हे दिसत असताना, ठोके चालू आहेत म्हणून तिला गर्भपात नाकारला गेला आणि २८ ऑक्टोबर २०१२ ला ती जंतुसंसर्गानं गेली. तेव्हा आपण सगळेच हळहळलो, त्या देशाच्या कायद्याला नावं ठेवली. त्या देशानं २०१८ ला जनमत घेऊन कायदा बदलला. आपल्याकडं तर कायदा त्याच्याही सत्तेचाळीस वर्षं आधीपासून आहे.

मागण्या साध्या आहेत. एकीलाही नवीन कायदा लागत नाही.

केस पेपरच्या खिडकीत कारण विचारू नका. ‘स्त्रीरोग’ एवढं लिहा आणि आत पाठवा. आतली विचारपूस दार लावून करा, दार नसेल तर पडदा लावा.

सज्ञान बाईकडून तिच्याशिवाय कुणाचीही सही मागायची नाही, हे लेखी स्वरूपात प्रत्येक टेबलावर, काचेखाली, दिसेल असं ठेवा. नवीन आलेल्या कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी दाखवा.

जिथं सेवा मिळते तिथं तसा मराठीत बोर्ड लावा. सरकारी दवाखान्याला गर्भपातासाठी वेगळ्या मान्यतेची गरज नसते, तेव्हा ‘आमच्याकडं परवानगी नाही’ हे उत्तर बंद करा. प्रशिक्षित डॉक्टर नसेल तर कुठं जायचं, कोणत्या वारी, कुणाला भेटायचं, हे चिठ्ठीवर लिहून द्या. नुसतं ‘सांगलीला जा’ म्हणू नका. बाळ काखेत घेतलेल्या बाईला सांगली केवढी मोठी असते ते तुम्हाला माहीत आहे.

आरोग्य विभागानं आणि औषध प्रशासनानं मिळून दुकानदारांना लेखी कळवावं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ही गोळी ठेवणं आणि विकणं कायदेशीर आहे. बिलाशिवाय विकणाऱ्यावर कारवाई करा, जरूर करा. बिल देऊन विकणाऱ्याला त्रास देऊ नका.

सरकारी भिंतींवरून ‘भ्रूणहत्या’ हा शब्द पुसा. ‘गर्भलिंगनिदान’ आणि ‘लिंगनिवड’ हे शब्द आपल्याकडं आहेत, गुन्हा तोच आहे, तेच लिहा. आमच्या उपकेंद्राच्या भिंतीपासून सुरुवात करायची तर रंगाचा खर्च माझा.

आणि गोळ्या घेऊन अंगावर रक्त वाहत आलेल्या बाईला आधी तपासा. ती खोटं सांगेल, ‘पाळीचा त्रास आहे’ म्हणेल. तिला दम देऊन खरं काढू नका. उपचार तोच करायचा आहे.

या पत्राची प्रत मी आरोग्य विभागाला आणि आमच्या भागातल्या डॉक्टरांच्या संघटनेला पाठवते आहे. उत्तर आलं तर तेही असंच सगळ्यांसमोर ठेवीन.

पुढच्या मंगळवारी मी शेजारच्या सुनेला घेऊन त्याच दवाखान्यात येणार आहे. तिनं आणि नवऱ्यानं विचार करून तांबी बसवायचं ठरवलंय, अट म्हणून कुणी सांगितलेलं नाही. तिला यायचं नव्हतं, मीच गळ घातली, दवाखाना आपलाच आहे म्हणून. ती त्याच खिडकीत उभी राहील, बाळ काखेत असेल. काय होतंय म्हणून मोठ्यानं विचारू नका. नंबर आला की नंबरनंच हाक मारा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका